बोट उचलू नकोस

मागच्याच आठवड्यात शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं,
देव नाही. खाली खडूची दुहेरी रेघ.
वहीत उतरवून घ्या, म्हणाल्या. मी घेतलं.

आणि रविवार सोडून कुठल्याशा वारी
हिल्लरमामानं मला सारेमा बेटावर आणलं,
चुनखडीच्या चर्चमधल्या ऑर्गनचे सूर लावायला.
युद्धानंतर काही वर्षं तिथं राय साठवत.
अजून फरशीच्या फटींत दाणे होते,
म्हणजे अर्थात उंदीरही.

मामा ऑर्गनच्या पोटात शिरला.
आत आठशे नळ्या. काही माझ्या करंगळीएवढ्या,
काही उभा माणूस गिळतील अशा.
मी बाहेर बाकावर, पाय लोंबकळत.
आतून यायचं, "पुढची."
मी पुढची पट्टी दाबायचो.
तो मला दिसत नव्हता.
मीही त्याला दिसत नव्हतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मागं भाता मारायला आर्वेद, ठार बहिरा.
त्याला फक्त पायाखालचा वारा कळायचा.

दोन सूर जवळ आले की भांडतात,
मामानं येताना बोटीतच सांगितलं होतं.
थरथर ऐकू येते. अजून जवळ आण, मंदावते.
मग थांबते. तेवढं थांबणं ऐकायचं, बाकी काही नाही.
"पण देव आहे का?"
"मी वाऱ्याचं काम करतो," तो म्हणाला,
आणि काळ्या पावाला मासळी लावून चावू लागला.

दुपारी केव्हातरी आतला आवाज थांबला.
माझं बोट पट्टीवर. सूर चालू.
एकच, बारीक, शिळ्या उन्हासारखा.
मी वाट पाहिली. मामा ऐकत असणार.
इतक्या बारकाईनं ऐकतोय म्हणजे
काहीतरी फार नाजूक चाललंय आत.
मी श्वाससुद्धा सांभाळून घेऊ लागलो.
बोट बधिर झालं, मी दुसरं सरकवलं,
मध्ये फट पडू न देता.
खिडकीचा उजेड तिसऱ्या बाकावरून पाचव्यावर गेला.
कुणी माझं इतकं लक्ष देऊन ऐकतंय
असं मला आधी कधी वाटलं नव्हतं.
खरं सांगायचं तर नंतरही नाही.

मग बाजूचं दार वाजलं,
आणि मामा बाहेरून आत आला.
बाहेरून. हातात बटाट्यांची पिशवी.
चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या वाइकेबाईंशी
कबरींपलीकडच्या जुनिपरखाली बोलत बसला होता.
अंगाच्या उबेनं नळ्यांचा सूर चढतो,
म्हणून जरा गार होऊ द्यायला म्हणून बाहेर पडला होता म्हणे.

"मग मला सांगितलं का नाही?"
त्यानं माझ्या बोटाकडं पाहिलं. पट्टी अजून खालीच होती.
"विसरलो," म्हणाला.

पुढं मी पुष्कळांना विचारलं. बाईंना, एका पाद्र्याला,
तार्तूच्या इस्पितळात रात्रपाळीच्या डॉक्टरला.
सगळ्यांची उत्तरं या एका शब्दापेक्षा लांब होती.

भाता मात्र चालूच होता.
आर्वेदला कुणी थांब सांगितलंच नव्हतं,
सांगून ऐकू येणारही नव्हतं.

आता मी पेटीच्या आत असतो.
सोबत पोरगं न्यायला परवडत नाही,
पट्टीवर शिशाचं वजन ठेवतो.
वजनाला बधिर व्हायला होत नाही,
ते वाट पाहत नाही, काही विचारत नाही.
एक सूर लागला की रांगत बाहेर यायचं,
वजन एक पट्टी सरकवायचं, पुन्हा आत.
गुडघे बोलतात.

तरी अजून, अंधारात, थरथर थांबली
की तोंडातून निघून जातं,
"पुढची."
आणि मी क्षणभर थांबतो.